छायाचित्राची किंमत कोण मोजतो?

वळवाचे दोन-चार पाऊस पडून गेले, की मुंबई-पुण्याच्या नोकरदार मंडळींत एका नव्या प्रकारच्या यात्रेची लगबग सुरू होते. शुक्रवारी कचेऱ्या सुटल्यावर गाड्या निघतात, मध्यरात्रीच्या सुमारास सह्याद्रीतील एखाद्या गावी मुक्काम पडतो, पहाटे पाचला गळ्यात कॅमेरे अडकवून माणसे ओढ्याकाठी दबा धरून बसतात आणि रविवारी रात्री, सोमवारच्या हजेरीपटाचे स्मरण ठेवून, सर्वजण परत फिरतात. या यात्रेची दैवते निराळी आहेत. आधी भंडारदऱ्याचे काजवे, मग कर्नाळ्याचा तिबोटी खंड्या, ऐन पावसात आंबोलीचे बेडूक, भाद्रपद-आश्विनात कासच्या पठारावरील फुले आणि थंडीत भीमाशंकरचा शेकरू, अशी त्यांची क्रमवारी ऋतुमानाप्रमाणे लागलेली असते.

या यात्रेकरूंकडे तुच्छतेने पाहण्याचे काहीच कारण नाही. शंभर वर्षांपूर्वी केवळ हौसेखातर रानात जाणारा माणूस म्हणजे बंदूकधारी साहेब किंवा एखादा संस्थानिक असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती हौस संपुष्टात आणली आणि बंदुकीची जागा कॅमेऱ्याने घेतली. त्याहून महत्त्वाचा बदल असा, की आज कॅमेरा घेऊन जाणारा माणूस संस्थानिक नाही. तो शाळामास्तर आहे, बँकेतील कारकून आहे, संगणक कंपनीतील अभियंता आहे, महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी आहे. हप्त्याहप्त्याने घेतलेली लांब पल्ल्याची भिंग त्याने पोटाला चिमटा काढून मिळविलेली असते. ज्या समाजात निसर्गनिरीक्षण ही मूठभरांची मिरास होती, तेथे ते मध्यमवर्गाच्या आवाक्यात यावे, ही गोष्ट स्वागतार्हच मानली पाहिजे.

तथापि कोणत्याही वस्तूचा उपभोग मूठभरांकडून हजारोंकडे गेला, की काही नवे प्रश्न उभे राहतात. त्यांतील पहिला प्रश्न अर्थशास्त्राच्या पहिल्या धड्यातलाच आहे. या उपभोगाची किंमत किती, आणि ती कोण मोजतो?

शून्य झालेला खर्च

एफ. डब्ल्यू. चँपियन नावाचा एक इंग्रज वनाधिकारी हिमालयाच्या पायथ्याच्या रानांत वाघांची छायाचित्रे घेत असे. त्याचे ‘विथ अ कॅमेरा इन टायगर-लँड’ हे पुस्तक १९२७ साली प्रसिद्ध झाले. वाघाच्या वाटेवर तार ताणून ठेवावयाची, तारेला वाघाचा पाय लागला की प्रकाशाचा लोळ उठून चित्र घेतले जावयाचे, अशी त्याची पद्धत होती. एका कॅमेऱ्याला एका रात्रीत एकच चित्र मिळे, आणि बहुतेक रात्री तेही मिळत नसे. त्या उजेडाने वाघ दचकत असेल, परंतु एकदाच. पुढे रोलचा जमाना आला तेव्हाही एका रोलमध्ये ३६ चित्रे असत. रोल, तो धुण्याचा खर्च आणि छपाई यांचा हिशेब महिन्याच्या पगारात बसवावा लागत असल्याने, कळ दाबण्यापूर्वी माणूस दहा वेळा विचार करी.

आज तो विचार करावा लागत नाही. अर्थशास्त्रात ज्याला सीमान्त खर्च म्हणतात, म्हणजे आणखी एक नग निर्माण करण्याचा जादा खर्च, तो डिजिटल छायाचित्राच्या बाबतीत जवळजवळ शून्य झाला आहे. आधुनिक कॅमेरा एका सेकंदात दहा-वीस चित्रे सहज घेतो. पूर्वी ज्या रोलवर अख्खी सहल भागवावी लागे, तो आता दोन-तीन सेकंदांत संपला असता. जी वस्तू फुकट मिळते तिचा वापर कोठे थांबवावयाचा याला मर्यादा उरत नाही. बाराजणांची तुकडी एका ओढ्याकाठी चार तास बसली आणि प्रत्येकाने समजा पाचशे वेळा कळ दाबली, तर एकाच पक्ष्याची सहा हजार चित्रे तयार होतात. त्यांतली पाच-पंचवीस ठेवली जातात आणि दोन-चार समाजमाध्यमांवर झळकतात. बाकीची पुसून टाकण्यासही काही खर्च येत नाही.

परंतु खर्च नाहीसा झाला, हा समज फसवा आहे. कॅमेऱ्यावाल्याच्या खिशातून तो वजा झाला, एवढाच त्याचा अर्थ. तो कोणाच्या खाती पडला हे पाहावयाचे असेल, तर त्या ओढ्याकाठीच जावे लागेल.

चोचीतील पाल

तिबोटी खंड्या हा जेमतेम १३ सेंटिमीटर लांबीचा आणि वजनाने एखाद्या लिफाफ्याएवढा पक्षी. नारिंगी, जांभळा, पिवळा, निळा असे रंग त्याच्या अंगावर इतक्या उधळेपणाने टाकलेले आहेत, की त्याचे चित्र घ्यावे असे कोणालाही वाटेल. पावसाळ्याच्या तोंडावर तो कोकणात आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या रानांत विणीसाठी येतो. ओढ्याच्या किंवा पायवाटेच्या कडेच्या मातीच्या उभ्या दरडीत बोगदा कोरून त्याच्या टोकाशी मादी अंडी घालते. पिल्ले बाहेर आल्यावर सुमारे तीन आठवडे नर आणि मादी दोघेही पाली, सापसुरळ्या, खेकडे, लहान बेडूक असा चारा अखंड आणीत असतात. घरट्याची जागा ठरलेली, येण्याजाण्याची वाट ठरलेली आणि वेळही ठरलेली. छायाचित्रकारास यापेक्षा अधिक सोय ती कोणती?

या सहलींतून येणाऱ्या चित्रांत सर्वांत वाखाणले जाणारे चित्र म्हणजे चोचीत पाल धरून फांदीवर बसलेला तिबोटी खंड्या. हे चित्र नीट वाचावयास हवे. चारा घेऊन आलेला पक्षी घरट्यासमोर घटकाभर थांबून कानोसा घेतो, हे स्वाभाविकच आहे. परंतु दरडीसमोर चार-सहा हातांवर माणसांची रांग बसलेली असेल, तर तो थांबूनच राहतो. डोके खालीवर करतो, फांदी बदलतो, पुन्हा येतो, कधी चारा स्वतःच गिळून टाकतो. आत पिल्ले भुकेली असतात. म्हणजे ज्या क्षणाचे सौंदर्य आपण वाखाणतो, तो अनेकदा त्या पक्ष्याच्या खोळंब्याचा क्षण असतो. तो जितका अधिक खोळंबेल तितकी चित्रे अधिक चांगली येतात, हे या व्यवहाराचे विदारक गणित आहे.

समजा, एका सकाळी त्या जोडीने वीस खेपा घातल्या असत्या आणि माणसांमुळे त्या बारा झाल्या. आठ खेपांचा तोटा पिल्लांच्या अंगावर पडला. मोसमात असे किती शनिवार-रविवार येतात आणि एकाच घरट्यासमोर किती तुकड्या बसतात, यावर तोट्याची एकूण रक्कम ठरते. शिवाय घरटे नीट दिसावे म्हणून दरडीवर लोंबणाऱ्या वेली आणि फांद्या छाटल्या जातात तेव्हा साप, मुंगूस आणि कावळे यांनाही ते नीट दिसू लागते. सहलीच्या वर्गणीत या रकमा कोठेही धरलेल्या नसतात. केंब्रिजचे अर्थशास्त्रज्ञ पिगू यांनी १९२० साली ज्या प्रकाराकडे लक्ष वेधले, तो हाच. व्यवहार दोघांत होतो, लाभ दोघांना होतो आणि खर्च व्यवहाराबाहेरच्या तिसऱ्याला सोसावा लागतो. कारखान्याच्या धुराविषयी हे आता सर्वांना पटले आहे. कॅमेऱ्याला धूर नसल्याने त्याच्याविषयी ते लवकर ध्यानी येत नाही, इतकेच.

खंड्याचे जे, तेच इतरांचेही. आंबोलीच्या रानात पावसाळी रात्री हिरवा मलबारी उडता बेडूक पाण्यावर झुकलेल्या फांदीला फेसाचे घरटे करतो. त्यातील डिंभ पुढे खालच्या पाण्यात पडावयाचे असतात. चित्रासाठी तो बेडूक हातात उचलून देखण्या पानावर ठेवला जातो, कधी फांदीच वाकवली वा मोडली जाते. बेडूक आपल्या ओलसर त्वचेतूनही श्वास घेतो आणि त्या त्वचेला माणसाचे हात सोसत नाहीत, हे जीवशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात आहे. ते सहलीच्या सूचनापत्रकात मात्र क्वचितच असते. रानपिंगळ्याची कथा याहून बोलकी आहे. १८८४ नंतर ज्या पक्ष्याचा खात्रीलायक पत्ता नव्हता, तो थेट १९९७ साली सातपुड्याच्या परिसरात, शहाद्याजवळ, पुन्हा आढळला. ११३ वर्षे लपून राहिलेल्या या पक्ष्याला आता ध्वनिमुद्रित आवाज ऐकवून झाडाच्या टोकावर बोलावता येते. प्रतिस्पर्धी आपल्या हद्दीत शिरला, अशा समजुतीने तो भक्ष्य शोधण्याचे काम टाकून भांडावयास येतो, आणि समोर भिंगांची रांग असते.

काजव्यांच्या गावी

खंड्याच्या घरट्यापाशी निदान अमुक माणसांनी अमुक उपद्रव दिला, असे बोट दाखवून सांगता येते. काजव्यांच्या बाबतीत तेही शक्य नाही.

मे महिन्याच्या अखेरीपासून पाऊस जोर धरीपर्यंत, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या परिसरात हिरडा, बेहडा, जांभूळ, उंबर अशी झाडेच्या झाडे काजव्यांनी लखलखतात. हा लखलखाट म्हणजे एक संभाषण आहे. नर उडता उडता ठराविक लयीत प्रकाश देतो, आणि गवतात वा झुडपात बसलेली मादी त्याला प्रकाशानेच उत्तर देते. प्रौढ काजव्याचे आयुष्य थोड्या आठवड्यांचे. तेवढ्यात हा संवाद झाला नाही तर पुढची पिढी नाही. त्याची अळी मात्र कित्येक महिने ओल्या पालापाचोळ्यात आणि मातीत राहून गोगलगायींवर जगते.

आता या संभाषणाच्या मध्येच मोटारींचे दिवे आले, विजेऱ्या आल्या, मोबाइलचे उजेड आले, तर काय होईल हे सांगावयास कीटकशास्त्रज्ञ लागत नाही. झाडाखाली चांगली जागा मिळावी म्हणून माणसे गवतात शिरतात तेव्हा त्यांच्या पायांखाली माद्याही असतात आणि पाचोळ्यातल्या अळ्याही. गंमत अशी, की आलेल्यांपैकी एकालाही काजव्यांचे वाईट चिंतावयाचे नसते. पाच माणसांनी, पाच मोटारींनी, एका रात्रीने काही बिघडत नाही. बिघाड बेरजेत आहे आणि बेरजेची जबाबदारी कोणावरच नाही. गॅरेट हार्डिन या जीवशास्त्रज्ञाने १९६८ साली गायरानाचा दाखला देऊन हेच सांगितले होते. आपले एक जनावर जास्त सोडण्याचा लाभ एकट्याला होतो आणि झीज सर्वांत वाटली जाते, म्हणून प्रत्येकजण शहाणपणाने वागूनही गायरान उजाड होते.

दुसरी बाजू

या विवेचनाला दोन आक्षेप घेतले जातील आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा, की छायाचित्रणाने वन्यजीवांचे नुकसान केले त्याहून हित अधिक केले. यात पुष्कळ तथ्य आहे. एके काळी फुलपाखराची नोंद करावयाची तर ते मारून टाचणीला लावावे लागे. आज चांगल्या चित्रावर बहुतेक ओळखी पटतात. वाघाच्या अंगावरील पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणे वेगवेगळे असतात, या तत्त्वावर कॅमेऱ्याने वाघ मोजण्याची पद्धत १९९० च्या दशकात नागरहोळेच्या जंगलात रुजली आणि आज देशभरची व्याघ्रगणना तिच्यावर उभी आहे. हौशी निरीक्षकांच्या नोंदींनी पक्ष्यांच्या आढळाचे नकाशे बदलले. महाराष्ट्राने २०१५ साली राणी पाकोळी अर्थात नीलवंत या फुलपाखराला राज्य फुलपाखराचा मान दिला, असा मान देणारे ते देशातील पहिले राज्य ठरले. या गोष्टींसाठी लोकांच्या मनात जी आस्था लागते, ती निर्माण करण्यात छायाचित्रांचा वाटा मोठा आहे.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. डोंगर पोखरणाऱ्या खाणी, घाट फोडून काढलेले रस्ते आणि टेकड्या सपाट करून उभारलेली विश्रामस्थाने यांच्यापुढे चार कॅमेरेवाल्यांचा उपद्रव तो काय? माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पश्चिम घाटाविषयीचा अहवाल २०११ साली दिला, कस्तुरीरंगन यांच्या कार्यगटाने २०१३ साली. त्यानंतर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचे मसुदेच निघत राहिले, आणि २०२४ साली निघालेला मसुदा सहावा होता. मोठे गुन्हेगार मोकळे असताना कारकुनाच्या कॅमेऱ्यावर डोळा ठेवणे न्याय्य आहे काय?

न्याय्य आहे, आणि त्याचे कारण साधे आहे. खाणीला परवाना लागतो, तिच्यावर सुनावणी होते, तिच्याविरुद्ध न्यायालयात जाता येते. खाणमालक आपण डोंगरावर प्रेम करतो असेही म्हणत नाही. निसर्गप्रेमी मात्र त्या खाणीविरुद्ध साक्षीदार म्हणून उभा राहावयाचा आहे. त्याने स्वतःच घरट्याचा हिशेब चुकविला असेल, तर त्याच्या साक्षीला वजन राहणार नाही. पहिल्या आक्षेपाचे उत्तरही यातच येते. ज्या छायाचित्रणाने हित केले ते संयमाचे छायाचित्रण होते. अभ्यासाच्या नोंदीला एक स्पष्ट चित्र पुरते. त्यासाठी दरडीसमोर चार तास बसावे लागत नाही.

डोंगर कोणाचा?

या सर्व हिशेबात एक पक्ष अद्याप आलेला नाही, तो म्हणजे डोंगरातला रहिवासी. शहरी पाहुण्यांमुळे त्याच्या गावात पैसा येतो. भात आणि नाचणीच्या एका पिकावर वर्ष काढणाऱ्या, घरटी एक तरी माणूस मुंबईला धाडणाऱ्या गावाला मुक्कामाचे, जेवणाचे, वाटाड्याचे उत्पन्न मिळणे ही क्षुल्लक गोष्ट नाही. पाहुणे येणेच बंद करा, असे शहरातल्या खुर्चीत बसून म्हणणारा मनुष्य त्या गावाच्या पोटावर पाय देतो, हे विसरता कामा नये.

प्रश्न पैशाचा ओघ कसा आहे हा आहे. बहुतेक सहलींत मोठा वाटा शहरातल्या आयोजकाकडे जातो आणि गावातल्या पोराला दिवसाची मजुरी व चित्र मिळाल्यास वर बक्षिशी मिळते. ही बक्षिशीच मुळात घातक आहे. चित्र मिळाले तरच पैसे, अशी अट घातली, की वाटाड्या घरटे दाखविणार, आवाज वाजविणार, फांदी छाटणार. तो दुष्ट आहे म्हणून असे करीत नाही. व्यवहारच तसा ठरविलेला आहे. त्याला पुऱ्या दिवसाचा ठराविक आणि चांगला मोबदला दिला, पक्षी दिसो वा न दिसो, तर तोच पोरगा त्या ओढ्याचा उत्तम राखणदार होईल.

हार्डिनचे गायरान उजाड होणे अटळ नसते, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम या विदुषीने दाखवून दिले. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळविणारी ती पहिली स्त्री, वर्ष २००९. तिने दिलेल्या दाखल्यांत स्वित्झर्लंडच्या डोंगरातील तोर्बेल या गावाचा दाखला आहे. हिवाळ्यात स्वतःच्या चाऱ्यावर जितकी गुरे पोसता येतील तितकीच उन्हाळ्यात सामाईक कुरणावर सोडावयाची, असा नियम त्या गावाने १५१७ पासून पाळला. नियम गावाने केला, राखणही गावाने केली, म्हणून कुरण टिकले. सह्याद्रीला हे नवे नाही. देवाच्या नावाने राखलेल्या आणि काटकीही न उचलता येणाऱ्या देवरायांचा अभ्यास गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात जगापुढे मांडला, तोही याच शहाणपणाचा पुरावा होता.

आजच्या काळातला दाखला हवा असेल तर तो साताऱ्याजवळच्या कासचा आहे. खडकावरील मातीच्या पातळ थरात सुमारे ८५० जातींच्या वनस्पती वाढविणारे हे पठार २०१२ साली जागतिक वारसा म्हणून जाहीर झालेल्या पश्चिम घाटाच्या ३९ स्थळांपैकी एक आहे. फुलांच्या दिवसांत तेथे जत्रा लोटू लागली आणि सीतेच्या आसवांवर बुटांचे ठसे उमटू लागले, तेव्हा वनखाते आणि आसपासच्या गावांच्या वनव्यवस्थापन समित्या यांनी मिळून प्रवेशशुल्क, आगाऊ नोंदणी आणि दिवसाला सुमारे तीन हजारांची मर्यादा अशी व्यवस्था उभी केली. गावातली मुलेमुली राखणदार आणि मार्गदर्शक झाली. ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. पठाराला घातलेल्या जाळीच्या कुंपणाने गुरांची चराई थांबते आणि फुलांचेच नुकसान होते, अशी टीका झाली व पुढे ते काढावे लागले. परंतु चूक झाली, ती बोलून दाखविली गेली आणि सुधारली गेली. काजव्यांच्या गावांनी आणि आंबोलीने यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे.

कायदा आणि संकेत

कायदा या बाबतीत मुका नाही. १९७२ च्या कायद्याने केलेली ‘शिकारी’ची व्याख्या फार थोड्या छायाचित्रकारांनी वाचलेली असते. तीत प्राणी मारणे, पकडणे, आमिष दाखविणे तर येतेच, पण रानपक्ष्यांच्या अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे हेही येते. म्हणजे बंदूक टाकून कॅमेरा उचलणारा माणूस, घरट्यासमोर बसून, कायद्याच्या भाषेत पुन्हा शिकारीच ठरू शकतो. अभयारण्यात छायाचित्रणासाठी परवाना देण्याची तरतूद प्रथमपासून होती. २०२२ च्या दुरुस्तीने तीत, अधिवासात बदल न करता आणि अधिवासावर वा वन्यजीवांवर विपरीत परिणाम न होऊ देता, अशी स्पष्ट अट घातली.

परंतु दरडीत केलेले प्रत्येक घरटे अभयारण्यात नसते, आणि एका वनरक्षकाच्या वाट्याला आलेल्या मैलोगणती रानात प्रत्येक ओढ्यावर पहारा ठेवता येत नाही. तेथे संकेतच कामी येतात. असे संकेत रूढ होऊ लागले आहेत, हे मान्य केले पाहिजे. अनेक स्पर्धा आणि नियतकालिके घरट्यांची चित्रे स्वीकारीत नाहीत. पक्षिनोंदींच्या ‘ई-बर्ड’ या जागतिक व्यवस्थेत धोक्यातील जातींचा नेमका ठावठिकाणा सर्वांस दिसू दिला जात नाही. कित्येक जाणते छायाचित्रकार चित्राखाली जागेचे नाव लिहीत नाहीत. जे थोडे लोक स्वेच्छेने करतात ते सर्वांचा रिवाज व्हावयास हवे. आयोजकांनी तुकडीची संख्या, अंतर आणि वेळ आधीच जाहीर करावी. विणीच्या हंगामात घरट्याची सहल काढूच नये. काजव्यांच्या रात्री मोटारी गावाबाहेर थांबवून पायी जावे आणि उजेड बंद ठेवावा. आणि पाहणाऱ्यांनीही, एखादे अद्भुत चित्र समोर आले असता वाहवा करण्यापूर्वी, ते कसे मिळाले हे विचारावे. मागणी बदलल्याखेरीज पुरवठा बदलत नाही.

३६ चित्रांचा नियम

शेवटी हा प्रश्न शिक्षणाकडे येतो. या सहलींत जाणारा पुढचा वर्ग आज शाळा-महाविद्यालयांत बसलेला आहे, आणि त्याच्या हातात कॅमेरा नसला तरी मोबाइल आहेच. महाविद्यालयांची निसर्गमंडळे पावसाळी सहली काढतात. त्या सहलींत एक साधा नियम घालून पाहण्यासारखा आहे. प्रत्येकाने दिवसभरात ३६ च चित्रे घ्यावयाची, एकही जास्त नाही, आणि प्रत्येक चित्रासोबत वहीत चार ओळी लिहावयाच्या: प्राणी काय करीत होता, किती अंतरावर होता, माणसे आल्यावर त्याच्या वागण्यात काय बदल झाला, माणसे गेल्यावर तो पुन्हा कामाला लागला का.

या नियमाने पक्ष्याच्या खाती पडलेल्या खर्चाचा थोडा भाग पुन्हा कॅमेऱ्यावाल्याकडे येईल. जेव्हा प्रत्येक चित्राला काही किंमत पडे, तेव्हा माणूस कळ दाबण्यापूर्वी पुष्कळ वेळ नुसता पाहत असे. वनखात्यात हयात घालवून मराठी वाचकाला रानाची भाषा शिकविणाऱ्या मारुती चितमपल्ली यांच्यासारख्या लेखकांनी जे मिळविले, ते अशा पाहण्यातून मिळविले. ३६ वे चित्र संपल्यावर कॅमेरा पिशवीत जाईल, विद्यार्थी दरडीपासून चांगला पन्नास पावले मागे सरून बसेल आणि चोचीत पाल घेऊन आलेला तिबोटी खंड्या न थांबता थेट घरट्यात शिरेल. त्याचे चित्र कोणाजवळही नसेल. वहीत मात्र त्याची वेळ लिहिलेली असेल, आणि तेवढ्या नोंदीवर ती सहल सार्थकी लागली असे म्हणता येईल.